जुन्या काळच्या रेंजरचे रोजचे काम : खानापूर-बेळगाव जंगलपट्ट्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि चंदगड भागातील मराठी घरांत ‘आमचे पणजोबा फॉरेस्टात होते’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. पण ते तिथे रोज नेमके काय करत होते, असे विचारले की उत्तर वाघ, बंदूक आणि घोडा यांच्यापुढे सहसा जात नाही. पुढील उत्तरे साधारणपणे १८६५ ते १९३० या काळातील मुंबई इलाख्याच्या वनखात्याला धरून लिहिली आहेत. रेंजरच्या हातात बंदुकीपेक्षा फीत, हातोडा आणि लाकूडवाहतुकीच्या पासांचे बुक अधिक वेळ असे, हे एवढ्यासाठीच आधी सांगितले पाहिजे की पुढचे बरेचसे त्यावरच उभे आहे.

रेंजर म्हणजे नेमका कोण? गार्ड, फॉरेस्टर आणि रेंजर यांत फरक काय?

सर्वांत खाली गार्ड असे. त्याच्याकडे एक बीट, म्हणजे पायी फिरता येईल एवढा जंगलाचा तुकडा असे. काही बीटे मिळून एक राउंड होई आणि तो फॉरेस्टरकडे असे. असे काही राउंड मिळून जी रेंज बने, तिचा मुख्य तो रेंजर. त्याच्या वर जिल्ह्याच्या पातळीवरील साहेब, म्हणजे डेप्युटी किंवा असिस्टंट कॉन्झर्व्हेटर आणि त्यांच्याही वर कॉन्झर्व्हेटर, म्हणजे वनसंरक्षक. वरच्या जागा दीर्घकाळ बहुतांशी युरोपियनांकडे राहिल्या. रेंजरची जागा मात्र एतद्देशीय माणसाला मिळू शकणारी सर्वसाधारणपणे मोठी जागा होती. त्यामुळे साहेबाचा इंग्रजी हुकूम आणि गावकऱ्याची मराठी किंवा कानडी तक्रार या दोन्ही गोष्टी ज्याच्या टेबलावर एकत्र येत, तो हाच माणूस होता. आज महाराष्ट्रात या पदाला वनक्षेत्रपाल म्हणतात आणि कर्नाटकात वलय अरण्य अधिकारी. गावात मात्र दोन्हीकडे ‘रेंजरसाहेब’च चालते.

हे खाते सुरू केव्हा झाले?

मुंबई इलाख्यात जंगलांसाठी कॉन्झर्व्हेटर नेमला गेला तो १८४७ साली, डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्या पदावरचे पहिले गृहस्थ. संपूर्ण हिंदुस्थानसाठी डीट्रिख ब्रँडिस हे जंगलांचे इन्स्पेक्टर जनरल झाले १८६४ मध्ये. पहिला वनकायदा १८६५ चा, त्याहून कितीतरी कडक असा दुसरा १८७८ चा आणि महाराष्ट्रात आजही ज्याच्या कलमांवर खटले चालतात तो १९२७ चा.

आपल्या भागाच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खानापूरला लागून असलेला उत्तर कानडा जिल्हा १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता, त्यामुळे एकाच सलग जंगलाला काही काळ दोन वेगळी सरकारे होती. दुसरे म्हणजे चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होते. जुन्या कागदात चंदगडच्या जंगलाचा हिशेब बेळगावच्या कचेरीत दिसला तर ती चूक नव्हे. राज्यपुनर्रचनेने १ नोव्हेंबर १९५६ रोजी या दोहोंमध्ये राज्याच्या हद्दीची रेषा मारली. झाडांना आणि गव्यांना ती अजून कोणी कळवलेली नाही.

या रेंजरच्या ताब्यात कोणत्या प्रकारचे जंगल असे?

एकाच जिल्ह्यात दोन टोके. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, भीमगड, हेम्माडगा, लोंढा, नागरगाळी हा सह्याद्रीचा माथा आणि त्याचा पूर्वउतार; मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि म्हादई भीमगडच्या डोंगरातून गोव्याकडे उतरते. घाटमाथ्याला सदाहरित रान, जांभूळ, अंजनी आणि खाली दाट कारवी. थोडे पूर्वेला आले की साग, ऐन, किंदळ, नाणा, जांभा, शिसव आणि बांबूची बेटे. गोकाककडे गेल्यास पाऊस इतका कमी होतो की जंगल म्हणजे खडकाळ टेकड्यांवरील खुरटी झुडपे. खानापूरच्या रेंजरचे दुखणे लाकडाची चोरी हे होते, तर पूर्वेकडील सहकाऱ्याचे दुखणे गवत आणि सरपण हे होते. म्हणून ‘रेंजरचे काम’ असे एकच वर्णन या जिल्ह्यालाही पुरत नाही. पुढील उत्तरे मुख्यतः पश्चिमपट्ट्याची आहेत.

त्याचा दिवस कसा जाई?

ते ऋतूवर अवलंबून असे, त्यामुळे एका दिवसापेक्षा एका वर्षाचा विचार केलेला बरा.

दसरा-दिवाळीनंतर रस्ते वाळले की फिरती सुरू होई. राहुटी, शिधा, कागदपत्रांची पेटी आणि बिछाना बैलगाडीत घालून पुढे पाठवायचा आणि रेंजरने तट्टावर किंवा पायी निघायचे. दाट रानात तट्टाचा उपयोग वाटेपुरताच. कारवीत शिरले की सर्वजण सारखेच. पहाटे निघून ऊन चढेपर्यंत एखादा कूप, म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी ठरवलेला जंगलाचा भाग, पाहायचा. दुपारी सावलीत बसून फॉरेस्टरचे हिशेब तपासायचे, मजुरी वाटायची, गावातील अर्ज ऐकायचे. आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात रोजनिशी लिहायची. आज कुठून कुठे गेलो, किती मैल चाललो, काय पाहिले, कोणाला काय सांगितले हे त्या रोजनिशीत येई आणि ती ठरलेल्या मुदतीने साहेबाकडे जाई. साहेबही मुरलेला असे. दिलेल्या वेळात दिलेले अंतर चालता येते की नाही, हे तो नकाशावर बोट ठेवून पाही.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तोड आणि वाहतूक, फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत वणव्याची राखण, मे महिन्यात डेपोतील लाकूड पावसाआधी हलवण्याची घाई आणि जून उजाडला की रोपांची लागवड. सागाचे बी अत्यंत टणक असते. ते भिजवायचे, वाळवायचे, पुन्हा भिजवायचे, असे काही वेळा केल्याशिवाय नीट उगवत नाही. हे काम नेमके वणव्याच्या धामधुमीत येई. पावसाळ्यात कणकुंबीकडची वाट जवळजवळ बंदच होई आणि मग रेंजर मुख्यालयात बसून वर्षाचा हिशेब, खटल्यांचे कागद आणि पुढील वर्षाच्या कुपांचे नकाशे उरकत असे. पावसाळा म्हणजे रेंजरची सुट्टी, असे घरच्यांना वाटे. पण पेटीतील कागदांना बुरशी येऊ न देणे हेच त्या दिवसांत एक स्वतंत्र काम होते.

तोडायचे झाड कसे ठरवत? वाटेल ते तोडत असत का?

नाही. या कामातच रेंजरची खरी परीक्षा असे.

कुपात शिरल्यावर गार्ड आणि मजूर रांगेने पुढे सरकत. प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, फितीने मोजला जाई. ठरलेल्या घेराहून मोठे, वाकडे, पोकळ किंवा शेजारच्या चांगल्या रोपावर सावली धरणारे झाड तोडीला धरले जाई; सरळ वाढलेली आणि भरपूर बी देणारी काही झाडे मात्र मुद्दाम राखली जात. झाड ठरले की साल थोडी सोलून तिथे सरकारी शिक्क्याच्या हातोड्याने ठसा उमटवत. ठसे दोन असत: एक वर, सहज दिसेल असा आणि दुसरा अगदी बुंध्याशी, जिथे कुऱ्हाड लागणार त्याच्याही खाली. वरचा ठसा लाकडाबरोबर निघून जाई आणि खालचा बुंध्यावर राही. तोड संपल्यावर रेंजर पुन्हा त्याच कुपातून फिरे आणि बुंधे मोजे. ज्या बुंध्यावर ठसा नाही ते झाड चोरीचे.

एवढी साधी युक्ती, पण तिच्यावर सगळा कारभार टिकून होता. म्हणूनच तो हातोडा गार्डच्या हाती सोडत नसत. काम संपले की कुलपात. हातोडा हरवणे हे रोकड हरवण्याइतकेच गंभीर मानले जाई, कारण शिक्का एकदा बाहेर गेला की चोरीचे लाकूड आणि सरकारी लाकूड वेगळे ओळखण्याचे साधनच उरत नाही.

बुंधा कसा तोडावा यालाही नियम होता. साग आणि इतर अनेक झाडे बुंध्यापासून पुन्हा फुटतात. मात्र बुंधा जमिनीलगत, स्वच्छ आणि थोडा उतरता तोडलेला हवा, म्हणजे पावसाचे पाणी त्यावर साचून तो कुजत नाही. ठेकेदाराची माणसे वाकायचा त्रास वाचवण्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर घाव घालत आणि रेंजर त्यावरून रागावत असे. खाली लाकूड सर्वांत जाड असते, ते वाया जाई. शिवाय नवा फुटवा उंचावरून आला तर तो वाऱ्याने मोडे.

लाकडाचे माप कसे घेत?

ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. उदाहरणार्थ, वीस फूट लांब आणि सहा फूट घेराचा ओंडका घ्या. सहाचा चौथा हिस्सा दीड, दीडाचा वर्ग सव्वादोन, त्याला विसाने गुणले की ४५ घनफूट. ‘दीड दीडे सव्वादोन’ हा पाढा ज्याला शाळेत पाठ झाला होता त्याला कोष्टक उघडावे लागत नसे.

भूमितीच्या हिशेबाने मात्र तोच ओंडका सुमारे ५७ घनफूट भरतो. म्हणजे या रीतीत पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक लाकूड मोजलेच जात नाही. साल आणि करवतताना बाजूने निघणाऱ्या फळ्यांची घट त्यात धरलेली आहे, असे तिचे समर्थन केले जाई. ठेकेदाराला ही रीत अर्थातच प्रिय होती.

राखीव जंगलाची हद्द कोण आखत असे?

कायद्याने हे काम रेंजरचे नव्हे, तर त्यासाठी नेमलेल्या वेगळ्या अधिकाऱ्याचे. आधी सरकार जाहीर करी की अमुक जमीन राखीव करण्याचा विचार आहे. मग तो अधिकारी गावोगावी हक्कांच्या मागण्या ऐके. कोणाची पाऊलवाट, कोणाचे पाणी, कोणाची चराई, कोणाचा शेतीचा तुकडा. त्यानंतर हक्क मान्य, अमान्य किंवा मोबदला देऊन रद्द होत आणि शेवटी जंगल राखीव म्हणून घोषित होई. कागदावर हे न्याय्य दिसते. पण ज्या गवळ्याला वाचता येत नव्हते आणि ज्याचा वाडा चार महिने एका डोंगरावर आणि उरलेले आठ महिने दुसऱ्या डोंगरावर असे, त्याने मुदतीत लेखी मागणी कशी करायची होती, हा प्रश्न उरतोच. एकदा मुदत गेली की पिढ्यांची वहिवाट गुन्हा ठरत असे.

हद्द ठरल्यानंतर तिची राखण करणे हे मात्र रेंजरचेच काम. मोजणीसाठी साखळी आणि होकायंत्र असे. महसूल खात्याची साखळी ३३ फुटांची आणि १६ भागांची; त्या भागांना आणे म्हणत. ३३ फूट लांब आणि तेवढेच रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हद्दीवर ठराविक अंतराने दगडांचे बुरूज रचत, त्यांना क्रमांक देत आणि एका बुरुजावरून पुढचा दिसावा म्हणून मधली पट्टी साफ ठेवत. दरवर्षी रेंजरने हद्द चालून बुरूज जागेवर आहेत की नाहीत हे पाहायचे असे. नाहीत, असे बरेचदा आढळे. शेताला लागून असलेला बुरूज रात्रीतून चार पावले जंगलाकडे सरकल्याच्या कहाण्या प्रत्येक रेंजमध्ये असत.

वणवा लागला तर काय करत? तेव्हा पाण्याचे बंब तर नव्हतेच.

वणवा सहसा पाण्याने विझवत नाहीत, आजही नाही. रेंजरचे काम आग लागण्यापूर्वीच अर्धे झालेले असायला हवे. डिसेंबर-जानेवारीपासून जाळरेषा तयार करत: जंगलाच्या कडेने आणि मधून जाणाऱ्या पट्ट्यांवरील गवत कापायचे, वाळू द्यायचे आणि मग सकाळी दव असताना किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर ते आपल्या हाताने, माणसे उभी करून जाळून टाकायचे. पुढे मार्चमध्ये आग पसरत आली की त्या मोकळ्या पट्ट्यापाशी तिला खायला काही उरत नाही. उन्हाळ्यापुरते राखणदार नेमत. ते टेकडीवर माच्यावर बसून धूर पाहत.

धूर दिसला की ढोल आणि हाकाऱ्यांनी माणसे जमवायची. हिरव्या फांद्यांनी कडेची आग झोडपायची; ती मोठी असेल तर जाळरेषेवरून उलट दिशेने आग लावायची, म्हणजे दोन आगी मध्ये भिडून विझतात. उलटी आग हे फार जोखमीचे काम. वारा फिरला तर ज्यांनी ती लावली तेच मध्ये सापडत, म्हणून केव्हा लावायची हे अनुभवी गार्डला विचारल्याशिवाय शहाणा रेंजर ठरवत नसे. ज्या गावांना जंगलात चराई किंवा लाकडाच्या सवलती होत्या, त्यांनी आग विझवायला येणे कायद्याने बंधनकारक होते.

आगी लागत कशामुळे? गवळ्यांना नवे गवत हवे असे, मध काढणाऱ्यांचे पलिते पडत, शिकारी रान पेटवत, वाटसरूंच्या चिलमी असत आणि रेल्वे आल्यावर इंजिनाच्या ठिणग्या. रुळाच्या दोन्ही बाजूंची पट्टी साफ ठेवणे हे लोंढा-नागरगाळी भागात वेगळेच काम होऊन बसले.

येथे एक गोष्ट माझ्या मते सांगायला हवी. गावकरी दरवर्षी लवकर, थोडे आणि थंड हवेत जाळत. खात्याने ते पूर्ण बंद केले, तेव्हा काही ठिकाणी वर्षानुवर्षे पाचोळा साठून पुढे लागलेली आग अधिक भयंकर झाली. पुढे वनखात्यातील लोकांनीच या धोरणावर वाद घातले. गवळी अडाणी होता आणि रेंजर शहाणा, असा सरळ हिशेब येथे मांडता येत नाही.

गावकऱ्यांशी त्याचे संबंध कसे असत?

वाईट असत, असे एका शब्दात सांगणे सोपे आहे. पण तो त्याच गावांच्या मजुरांवर, गाड्यांवर आणि वाटाड्यांवर अवलंबून असे, म्हणून सतत भांडणे त्याला परवडत नसे.

सर्वांत जुना तंटा कुमरीचा. डोंगरउतारावरील झाडे तोडून, वाळवून, जाळून राखेत नाचणी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी दुसरी जागा धरायची, ही शेती घाटमाथ्यावरील अनेक कुटुंबांचे पोट होती. १८६० च्या दशकापासून तिच्यावर निर्बंध घट्ट होत गेले. दुसरा तंटा राबाचा. भाताच्या तरव्यासाठी फांद्या-पाला जाळून जमीन भाजावी लागते. त्यासाठी ऐन-किंदळाचे डहाळे तोडायचे की नाहीत यावर कोकणापासून खानापूरपर्यंत वाद होता. तिसरा चराईचा. राखीव कुपात जनावर शिरले की ते कोंडवाड्यात जाई आणि दंड भरल्याशिवाय सुटत नसे. ज्याची एकच म्हैस दुधाला असे, त्याच्या घरी दोन दिवस चहाही होत नसे.

यांशिवाय बारीकसारीक गरजा: औताला लाकूड, घराला वासे, मांडवाला बांबू, मर्तिकाला सरण. या गोष्टी बऱ्याच ठिकाणी सवलतीने मिळत, पण त्यासाठी पास लागे आणि मेलेला माणूस पासाची वाट पाहत नाही. समजूतदार रेंजर सरणाचे लाकूड आधी नेऊ देई आणि कागद मागाहून करी. शिमगा आला की वेगळीच पंचाईत: होळीसाठी गावाने आणलेले झाड कुठून आले हे सर्वांना माहीत असे आणि कोणीच बोलत नसे.

ही नाराजी एका जिल्ह्यापुरती नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी लिहिताना वनखात्याने डोंगर-गायराने बळकावल्याची तक्रार स्पष्टपणे मांडली होती. ठाणे-कुलाब्याकडील असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि त्याने १८८७ मध्ये अहवाल दिला. गार्ड बहुधा आसपासच्याच गावचे असत, म्हणून त्यांच्याविषयी ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण लोक तोंडावर म्हणत. रेंजर बाहेरचा असे; त्याच्याविषयीची म्हण पाठीमागे म्हणत.

लाच चालत असे का?

चालत असे आणि त्याचे कारण कायद्यातच होते. १९२७ च्या कायद्यानुसार राखीव जंगलातील गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत. हत्यारे, गाडी आणि बैलही जप्त होत. मात्र त्याच कायद्याने असेही ठरवले की किमान रेंजरच्या दर्जाचा आणि महिना किमान १०० रुपये पगाराचा अधिकारी, सरकारने अधिकार दिल्यास, ५० रुपयांपर्यंत भरपाई घेऊन प्रकरण जागीच मिटवू शकतो. बेळगावच्या कोर्टात खेपा घालण्यापेक्षा ही सोय गरिबाला बरी होती, हे खरे. पण रानात, साक्षीदाराशिवाय, जप्त केलेल्या बैलांसमोर बसून ठरवलेली रक्कम आणि पावतीवरची रक्कम एकच असेल याची खात्री कोण देणार? ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ असे लोक म्हणत तेव्हा ते अलंकारिक बोलत नव्हते. प्रामाणिक रेंजर होते आणि पुष्कळ होते. त्यांची नावे गावांनी लक्षात ठेवली, ती यासाठीच.

लाकूड नेण्याचा पास कसा असे?

झाडाची जात, नगांची संख्या, माप, शिक्क्याची खूण, कुठून कुठे आणि किती दिवसांत, एवढे त्यावर असे. एक प्रत गाडीवानाकडे, स्थळप्रत बुकात. नाक्यावर गाडी थांबवून नग मोजत. मुदत संपलेल्या पासावर दुसरी खेप मारणे ही सर्वांत जुनी चलाखी होती, म्हणून मुदत तासांवर येईल इतकी काटेकोर लिहीत.

कामकाज कोणत्या भाषेत चाले?

तीन भाषांत. वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत, खालचे कागद मराठीत किंवा कानडीत आणि मराठी लिखाण बरेचदा मोडीत. घरात सापडलेल्या जुन्या कागदांवर सलग, शिरोरेषेला टांगलेली अक्षरे दिसली तर ती मोडी आहे. वाचणारे अजून मिळतात.

खरी अडचण झाडांच्या नावांची होती. मराठीत जो ऐन, तीच कानडीत मत्ती. नाणा म्हणजे नंदी, जांभा म्हणजे जंबे, शिसव म्हणजे बीटे. खानापूरच्या गार्डने ‘ऐन’ लिहिले आणि पूर्वेकडील नाक्यावरच्या कारकुनाने ‘मत्ती’ वाचायची अपेक्षा केली की गाडी अडकून पडे. शिवाय ऐन आणि किंदळ पानगळीत एकमेकांसारखे दिसतात. सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल दिसली की ऐन, हे गार्डचा पोरगाही सांगे, पण नव्या रेंजरला ते शिकायला एक हंगाम लागे.

रेंजर होण्यासाठी शिक्षण लागे का?

सुरुवातीला नाही, महसूल खात्यातले कारकून, लष्करातून सुटलेले शिपाई असे कोणीही येत. १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली आणि तिचे मुख्य काम रेंजर घडवणे हेच होते. मुंबई इलाख्यात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेती आणि वनशास्त्र शिकवू लागले, त्यावरून त्याचे नावही काही काळ कॉलेज ऑफ सायन्स झाले. दक्षिणेत कोईमतूरचे वनमहाविद्यालय १९१२ चे. शिकलेल्या रेंजरला मोजणी, नकाशा, वनस्पतिशास्त्र आणि कायदा येत असे. रान मात्र त्याला गवळी आणि गार्डच शिकवत.

वाघ-अस्वलांचे काय? तो शिकारी होता की रक्षक?

त्या काळी वन्यप्राणी वाचवणे हे त्याचे काम नव्हते. वाघ-बिबट्या मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई. साहेबांच्या शिकारीची तजवीज, म्हणजे माचाण, हाका, आमिषाची म्हैस ही रेंजरच्या गळ्यात पडे आणि त्या आठवड्यात कुपाची कामे थंडावत. गव्याची त्याला वाघापेक्षा अधिक धास्ती असे, कारण गवा कारवीत उभा असताना दहा पावलांवरूनही दिसत नाही.

तरी याच खात्यातून निसर्गाचे अभ्यासकही निघाले. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी आर. सी. रॉटन यांचे नाव एका वटवाघळाला आहे. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्या जातीचे वर्णन केले आणि ती सापडली होती खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत. पुढे कित्येक दशके जगात या जातीचे हेच एक ठिकाण माहीत होते. आज ही गुहा २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात आहे.

रेल्वेमुळे त्याच्या कामात काय बदलले?

सगळेच. १८८० च्या दशकात बेळगाव-लोंढा मार्ग आणि लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदराकडे जाणारा मार्ग तयार झाला. एका मैलाच्या रुळाला त्या काळी पावणेदोन ते दोन हजार स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ठोकळे, लागत. ज्या ओंडक्याला पूर्वी बैलगाडीने घाट उतरण्याचा खर्चही परवडत नसे, त्याला आता मोल आले. लोंढा हे खेडे जंक्शन झाले, स्टेशनजवळ डेपो आले, लिलाव आले आणि रेंजरचा निम्मा वेळ रानातून डेपोत गेला.

सर्वांत मोठा धोका कोणता होता?

हिवताप. वाघाने मारलेल्यांपेक्षा तापाने खचलेले कर्मचारी कितीतरी अधिक. पावसाळ्यानंतर, म्हणजे नेमका फिरतीचा हंगाम सुरू होताना, ताप जोर धरी. क्विनाइन हे एकमेव खात्रीचे औषध होते आणि ते इतके कडू की गार्ड ते घेतल्याचे सांगत व कंबरेच्या कशात बांधून ठेवत. आमच्या भागात रेंजरची बायकामुले बहुधा बेळगावात किंवा मूळ गावी राहत, त्यामागे शाळा हे एक कारण होते आणि हा ताप हे दुसरे.

त्या काळच्या खुणा आज पाहता येतात का?

होय. ओळीत लावलेले जुने साग, क्रमांक कोरलेले हद्दीचे दगड आणि वनखात्याची काही जुनी विश्रामगृहे या पट्ट्यात आहेत. राखीव जंगलात व अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, त्यामुळे आधी जवळच्या रेंज कचेरीत जाऊन विचारावे. घरातल्या पेटीत पासाच्या स्थळप्रती, लिलावाची चलने किंवा रोजनिशीची पाने असतील तर ती लॅमिनेट करू नयेत. जुना कागद त्यात खराब होतो. बुरूज पाहायचे असतील तर पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने सोडून द्यावेत. कारवी तेव्हा माणसाच्या डोक्यावर जाते आणि तीन फूट उंचीचा दगडी ढीग दोन हातांवरूनही दिसत नाही. जानेवारीत, जाळरेषा साफ झाल्यावर गेलात तर एका बुरुजावर उभे राहून पुढचा दिसतो.